काळजाचं तेल

ईट, १९ जानेवारी १९८७

चि. शांतलिंगास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि तेलाचा डबा, दोन्ही पोचले. इथं ठीक आहे. विहीर आटली, टँकर येतो, बाया भांडतात आणि मी रांग लावून देते. शाळेतून निवृत्त झाले, माझा आवाज अजून झालेला नाही.

आता तुझ्या ऑलिव्ह तेलाचं सांगते. तू लिहिलंस, 'अक्का, हे हृदयासाठी.' ते शेजारच्या मल्लम्मानं ऐकलं. इथं हे तेल औषधाच्या दुकानात चिमुकल्या बाटलीत मिळतं, तेही बाळाला चोळायला. तिनं अर्धा डबा माझ्या छातीवर जिरवला. मी म्हटलं, "अगं, हे खायचं असतं." तर म्हणते, "गप पडा अक्का. काळजाचं तेल काळजाला न्हाय लावायचं, तर काय भाकरीला?"

मी पडून का होते, हे तू विचारशीलच. येळवशीच्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला गेलं होतं. भज्जी वाढताना मला जरा बसावं लागलं. बरं, बसले नाही, पडले. डाव्या हातात कळ होती. बार्शीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला सोसायटीच्या चेअरमननं, सिद्रामप्पानं, कळवलं आहे. म्हणून तुझा हुकूम: मार्चमध्ये येतो, घराला कुलूप, अक्का इंग्लंडला.

नाही.

गोळी मी घेते. तूप आणि डालडा सोडला. तू पाठवलेलं कात्रणही नीट वाचलं. कॉन्व्हेंटात गेल्यामुळे इंग्रजी मला तुझ्याआधी येत होतं. तुपाच्या जागी हे तेल घेतलं तर कोलेस्टेरॉल उतरतं, तुपावर ओतून नव्हे. आणि त्यातच खाली करडईच्या तेलाचंही नाव आहे, ते तू लिहायचं विसरलास. यंदा ज्वारी वाळली, हरभरा गेला. शिवारात हिरवी आहे ती एकटी करडई.

आणि सिद्रामप्पाला सोसायटीचा करडईचा तेलघाणा भंगारात काढून रेशनचं पामतेल वाटायचं आहे. फेब्रुवारीत सभा आहे. बायांनी बोलायला मला उभं केलंय. त्यानं तुला माझी तब्येत कळवली ती मायेनं नाही रे. मी गेले की तो पेढे वाटेल.

भीती वाटत नाही असं नाही. दुपारी घर शांत झालं की हात आपोआप छातीवर जातो. पण ती भीती इंग्लंडला माझ्याबरोबर येईल. घाणा येणार नाही, मल्लम्मा येणार नाही.

तू मात्र ये. करडईची काढणी असेल, काटे लई टोचतात, जाड हातमोजे आण. सभा जिंकले तर आपल्या घाण्याच्या तेलाची फोडणी देऊन तुला जेवायला घालीन. हरले तर पुढच्या सभेची तयारी करताना सापडेन.

परतीचं तिकीट एकाचंच काढ.

तेलाच्या वासानं हैराण, पण उभी असलेली
तुझी उमाअक्का