विमानाच्या पुस्तकात आजी नाही

५ जून
विमानवाल्या दोन भावांचं पुस्तक आजपासून ह्यांच्या टेबलावर. माझी यमकं जुळवून झाली, आता चित्रं ह्यांची. संपादकबाई घरी आल्या होत्या. ह्यांनी पहिलं चित्र पुढे केलं. मी सहज म्हणाले, "अहो, हे विमान आहे की पलंग?"
संपादकबाई हसल्या. हे हसले नाहीत. किटलीतला चहा मात्र कपाऐवजी बशीत ओतला.

८ जून
अबोला. म्हणजे "पाणी दे", "पंखा बंद कर" एवढं चालू आहे, पण त्याला बोलणं म्हणत नाहीत. आज पेपरही उघडला नाही. "त्यात रोज तेच असतं," म्हणे. चाळीस वर्षं तेच वाचत होते, तेव्हा चाललं!
इतका संसार करून शेवटी पलंगावरून मोडायचा असेल तर मोडो.

१२ जून
आज बाजारात समोरासमोर आलो. मी हात केला. हे सरळ पुढे निघून गेले! शेजारीण बरोबर होती. तिच्यादेखत नाक कापलं माझं. घरी आल्यावर विचारलं, तर "कुठे? कधी?" असा चेहरा. काय तो अभिनय — चित्रं काढण्यात उगाच आयुष्य घालवलं ह्यांनी.

१६ जून
नात आली. कच्ची चित्रं जमिनीवर अंथरली आणि नेहमीचा खेळ सुरू केला — आजी शोधा.
पहिल्या पुस्तकापासूनची ह्यांची खोड. शोध कुणीही लावो, त्या पुस्तकात कुठेतरी मला लपवून ठेवायचं. वाफेच्या इंजिनाच्या पुस्तकात मी रुळाशेजारी छत्री उगारून इंजिनाला दम भरतेय. दिव्याच्या पुस्तकात खिडकीतून ओरडतेय, 'लाईट बंद करा!' टेलिफोनच्या पुस्तकात — सांगायलाच नको. अंबाडा, चष्मा, कपाळाला आठी. प्रत्येक वेळी मी म्हणते, माझी बदनामी थांबवा. आणि पुस्तक छापून आलं की आधी स्वतःला शोधते.
नातीने सगळी पानं पालथी घातली. उडण्याच्या पानावर मी लिहिलंय —
गर्दी जमली गच्च गच्च,
चिखल म्हणाला पच्च पच्च,
टोप्या गेल्या उच्च उच्च!
चित्रात ना गर्दी, ना टोप्या. एक थोराड विमान, दोन धिप्पाड भाऊ आणि पांढरा कागद.
"आजोबा, आजी गळली," ती ओरडली. हे बाल्कनीत होते, आले नाहीत. मी तिला म्हटलं, बरं झालं, सुटले. पण लागलं मला. फार लागलं. एवढ्याशा अंबाड्यावाचून एवढं अडेल असं वाटलं नव्हतं.

१७ जून
शेवटी विचारलंच. "गर्दी कुठाय?"
"मोकळं बरं दिसतं."
"आणि मी?"
चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "राहून गेलीस."
राहून गेलीस! बसमध्ये छत्री राहते तशी?

१८ जून
ठीक आहे. आम्हालाही येतं.
पहिल्या पुस्तकाच्या वेळी इंजिनाची शेवटची ओळ मला सुचत नव्हती. तेवढ्यात ह्यांच्या हातून स्वयंपाकघरात पातेलं पडलं आणि हेच ओरडले, "धुडूमधँग!" बसलं ओळीत. तेव्हापासून प्रत्येक पुस्तक त्याच शब्दावर संपतं. संपादकबाई म्हणतात, टेलिफोन असा वाजत नाही. मी म्हणते, आमच्याकडे वाजतो. ह्यांचा पुस्तकातला तेवढाच एक शब्द. त्यासाठी जीव टाकतात.
आधीची ओळ होती —
दोघे भाऊ ढगात ढँग,
उतरले खाली — धुडूमधँग!
आता केली —
दोघे भाऊ ढगात गेले,
उतरून खाली घरी आले.
वाचून मलाच जांभई आली. तरी ठसक्यात टाईप केली आणि नवा कागद ह्यांच्या टेबलावर ठेवला. होऊ दे भांडण. निदान बोलतील तरी.

१९ जून
वाट पाहिली. काही नाही.

२० जून
सकाळी मीच टेबलाशी जाऊन उभी राहिले. "शेवट बघितलात?"
कागद उचलला. दूर धरला, जवळ धरला, मान वाकडी केली. मग मोठ्या खुशीत म्हणाले, "झकास! धुडूमधँग काय चपखल बसलंय!"
मी खुर्चीत बसले.
बशीतला चहा. पेपर. बाजार. सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं, आणि मी मूर्खासारखी पंधरा दिवस फुगून बसलेली.
"अहो, दिसत नाही का तुम्हाला?"
कागद खाली ठेवला. मग म्हणाले, थंडीतच डॉक्टरांकडे जाऊन आलो. एकटाच. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं. "तुझ्याकडे बघितलं की फक्त कान दिसतात." गेलेलं परत येणार नाही म्हणतात.
"मला सांगायचं ना!"
"तू पलंग म्हणालीस. खरंच पलंग झालाय की काय, तेच मला कळेना."
आणि मी? मला का वगळलं?
"आठवून काढली असती. पण भलतीच बाई निघाली असती तर? ह्याच घरात राहायचंय मला."
मी रडले. ह्यांना दिसलं नसेल, ऐकू आलं. चाचपडत आले आणि डोक्यावर ठेवायचा तो हात चष्म्यावर ठेवला.

२८ जून
धुडूमधँग परत घातलं. उडण्याच्या पानावर जागा पुष्कळ होती. मी शेजारी बसून सांगत गेले — जरा वर, आता अंबाडा, आता चष्मा. आठी नको म्हटलं तरी काढलीच. बघितलं तर अंबाडा घातलेला पलंग.
संपादकबाईंना कळवलं, एक रेघ बदलायची नाही.