कोरडं सील

३ मार्च

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आबांच्या गिरणीचा पट्टा पट् पट् वाजायचा आणि त्या तालावर आपण शाळेतली कविता म्हणायचो. परवा तुझ्या गिरणीच्या बेअरिंगचं रबरी सील बदलताना तोच ताल कानात घुमत होता. तिसरं कडवं काही केल्या आठवेना. शेवटी आठवलं. न सांगता पहिल्या गाडीनं निघालो, रागावू नकोस. गुडघा धरला होता.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास शि. सा. न.

गुडघ्याचं मला सांगू नकोस. थांब्याकडे कसा पळालास, ते समोरच्या वाण्यानं पाहिलंय. इथे मात्र वाट लागली आहे. बेअरिंगमधलं ग्रीस गळून गिऱ्हाइकांच्या पिठात काळे डाग पडले. लोक डबे आणून उंबऱ्यावर आपटतात. सील तू बसवलंस, ग्रीस भरलं सूनबाईनं. त्याच संध्याकाळी पहिला डाग दिसला, तेव्हा हावरटासारखं कोंबलंस, असं तुझ्यादेखतच मी तिला बोलले ना? गप्प राहिली, म्हणजे चूक तिचीच. सोमवारपासून तिच्या जागी गिरणीवर माणूस ठेवतेय. पोरीचा जीव आहे गिरणीत, पण माझा नाइलाज आहे. गुडघ्याला जप, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

१२ मार्च

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

सूनबाईचा दोष नाही. सील बसवण्याआधी त्याच्या रबरी ओठावर ग्रीसचं बोट फिरवायचं असतं. कोरडं बसवलं, तर फिरत्या दांड्यावर घासून ओठ जळतो आणि आतलं ग्रीस बाहेर येतं. माझ्या बोटावर ग्रीस होतं. तेवढ्यात तिसरं कडवं आठवलं. त्या आनंदात बोट फडक्याला पुसलं आणि सील तसंच ठोकलं. जन्मभर हेच काम केलं गं मी.

तू तिला बोलत होतीस, तेव्हा मी कपातल्या चहाकडे बघत बसलो. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पीठ चाळायला लागली. ती नजर गाडीत माझ्या शेजारी बसून घरापर्यंत आली. तिला गिरणीवरून उठवू नकोस. लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा ठेव.

तुझा दादा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर दार वाजलं. सूनबाई. पिशवीत जळकं सील आणि एक नवं. म्हणाली, जळका ओठ मी त्याच दिवशी पाहिला होता मामा, तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आत यायला तयार नाही. चला म्हणते, उद्या सोमवार आहे. मला मान वर करवत नाही. चपला घालतोय. पत्र टपालात टाकत नाही. तिच्यासमोर मीच तुला वाचून दाखवीन.