घड्याळापुढे मुद्दाम हळू

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता मी कारखान्यांची मोजमापं करते. एकाच मालकाच्या पाच-सहा शाखा घ्यायच्या, किती माणसं, किती तास, किती माल ते मांडायचं, कमीत कमी माणसांत जास्तीत जास्त काम काढणारी शाखा शोधायची आणि बाकीच्यांना तिच्या पट्टीनं मोजायचं. या कामाला मोठी नावं आहेत, पण तुला एका वाक्यात कळलं असतं. वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कारखान्यात तुलाही असंच मोजलेलं.

सुट्टीत तू मला कधीकधी बरोबर न्यायचीस, त्यामुळे तुझे हात किती भरभर चालतात ते मला पाठ होतं. त्या दिवशी मी दारात उभी आहे. तू बाकावर बसून खोक्यात गोळ्यांची पाकिटं भरतेयस आणि मागे साहेब स्टॉपवॉच धरून उभा. तू हळू. इतकी हळू की मला लाज वाटली. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीची आई शेवटची कशी? मी ओरडले, "आई, रोजच्यासारखं भरभर कर ना!" सगळ्या बायकांचे हात थांबले. साहेब हसला, घड्याळ शून्यावर आणून म्हणाला, "हं बाई, आता रोजच्यासारखं." तुझा नाइलाज झाला, हात रोजच्यासारखे चालले आणि तोच वेग सगळ्यांचं टार्गेट झाला.

कळव्याला घरी पोचल्यावर भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मी हरतेय असं वाटलं ना तुला? अगं, माझ्या हातावर टार्गेट लागलं तर बाकावर शेजारी बसते ती ते कसं पुरं करणार? तिची बोटं बघितलीस?" मी बघितली नव्हती. संधिवातानं वाकलेली ती बोटं नव्या टार्गेटला पुरली नाहीत. दिवाळीच्या आत तिला काढलं. तू तिच्या घरी जात राहिलीस, मला मात्र कधीच नेलं नाहीस.

गेल्या महिन्यात डोंबिवलीत मसाल्याची पाकिटं भरणाऱ्या एका शाखेचं मोजमाप होतं. तिथली एक बाई चहाच्या सुट्टीआधी सपासप पाकिटं भरत होती. आम्ही घड्याळ काढलं आणि तिचे हात जड झाले. माझा सहकारी कानाशी कुजबुजला, "मॅडम, ही मुद्दाम करतेय. परत घेऊ या?"  खरा वेग लिहिला तर टार्गेट चढणार. घड्याळातला लिहिला तर ही शाखा सगळ्यांत मागे दिसणार, आणि मागच्या शाखेला टाळं लावायचं मालकाच्या मनात होतंच. तू तर मला टार्गेट चढण्याची एकच बाजू सांगितलेलीस.

मी म्हटलं, "घेतलं तेच लिही." मग अहवालात जोडलं की आठ तास, सगळ्यांना झेपेल असा वेग हाच आहे, आणि या शाखेतून माल परत येत नाही, तेही मोजायला हवं. मालकानं केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुम्ही आकडे द्यायला आलात की वकिली करायला?" मी म्हटलं, "परत आलेला माल हाही आकडाच आहे, साहेब." त्यानं परत आलेल्या मालाचं पान उघडलं. शेवटी टार्गेट आहे तेच राहिलं. शाखेला वर्षभराची मुदत मिळाली. वर्षानंतर काय होईल ते मला माहीत नाही.

हे तुला सांगून शाबासकी मिळवावी म्हणून लिहायला बसले होते. पण खरं सांगू? निघताना ती बाई गेटपाशी दिसली. मी उगाच मोबाइल काढून तिथेच रेंगाळले. तिनं माझ्याकडे बघून एकदा तरी हसावं, एवढंच मला हवं होतं. ती हसली नाही. आणि मला तिचा राग आला, आई.