तुझ्या नावाची पावती

माय, धाकटीनं तुझं नाव घेतलं. तुला वाटंल नातीचं ठेवलं, तर तसं न्हाई. इंटरनेटवर नाव विकत मिळतं, ब्लॉकचेनवर म्हणे. दुकानावर पाटी असती ना, तशीच ही पाटी, फक्त ती लई कॉम्प्युटरांत एकाच टायमाला लिहिलेली असती, म्हणून एकानं खोडली तरी बाकीच्यात राहती. धाकटीच्या पोरीनं पुण्यात बसल्या बसल्या तुझं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं, पैसे भरले, आन् नाव धाकटीचं झालं. दिवाळीत फोन आल्ता तिचा. "अक्का, आईचं नाव आता कुणीच पुसू शकत नाही." मी म्हणलं, बरं झालं. "फक्त दरवर्षी मुदत वाढवायची असते." मी म्हणलं, कोणी पुसू शकत न्हाई तर दरसाल पैसे कशाचे? ती हसली. मी काही बी विचारलं की ती हसती. शिकलेली हाय.

मला ते बघायचं होतं. माझ्या फोनवर उघडंना. सून बदनापूरहून रोज रेल्वेनं जालन्याला जाती, तिथं हापिसात कॉम्प्युटरवर बसती, तिला ह्यातलं बराबर कळतं. ती संध्याकाळी आली तशी तिच्यापुढं फोन धरला. म्हणली, "साध्यावर नाही दिसत आत्या, ह्याला ब्राउझर वेगळा लागतो." तिनं तो टाकला आन् मंग दिसलं. तुझा तो फोटो, डोक्यावरचा पदर जरा घसरलेला. खाली आमटीत घालायच्या येसराची पाकिटं, अर्ध्या किलोची, चकचकीत. आन् त्याच्या खाली मराठीत लिहिलेलं, "आईच्या हाताखाली शिकलेली चव." माझ्या हातातला चहा गार झाला. सुनंला म्हणलं, बंद कर ते.

तुझ्या हाताखाली कोण होतं, माय? चौथीनंतर मला घरी कोणी ठेवलं? लग्नसराई आली की गावोगावचे लोक तुझ्याकडं येसर सांगायला यायचे, आन् चुलीपुढं मी बसायचे. गहू वेगळा भाजायचा, बाजरी वेगळी, हरभऱ्याची डाळ वेगळी. मिरचीच्या खाटानं डोळे चुरचुरायचे. डाळ जरा काळी पडली की तू उलथनं माझ्या मनगटावर ठेवायची, मारायची न्हाई, नुसतं ठेवायची, गरम. म्हणायची, "नाक कुठं गेल्तं तुझं? डोळ्यानं नको भाजू, नाकानं भाज." तवा धाकटी कुठं होती? शाळेत. तिला तू बाजारातून कंपास आणला होता, पत्र्याचा, झाकणावर मोर. मला म्हणली, तुला काय करायचा. बराबर हाय, मला काय करायचा होता. पण तो मोर मला आजबी दिसतो. धाकटीला गव्हाचा आन् डाळीचा वास वेगळा सांगता यायचा न्हाई. आता तिची पाकिटं मिक्सरवर होतात आन् चव तुझ्या हाताखालची.

एक मात्र तू मला दिलं. एक दिवस जात्यावर आपण दोघीच होतो. तू दळता दळता थांबली आन् म्हणली, "माझं खरं नाव हे न्हाई." तू सांगितलं, लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. तुला वाचता येत न्हव्हतं. शेजारच्या बाईला विचारलं, काय लिहिलं हो माझं? तिनं सांगितलं तवा तुला कळलं आपण कोण. मंग कोणीतरी तांदळावरून हात फिरवला आन् ते तांदूळबी शिजायला गेले. पहिलं नाव तू मला कानात सांगितलं. "तुझ्या बापालाबी आता याद नसंल," म्हणली. आन् परत दळायला लागली.

तर मी काय केलं ते ऐक. धाकटीचं ते पान मी सारखं बघायचे. कामून बघायचे विचारू नको. साल संपलं आन् एक दिवस पान बघता बघता सून म्हणली, "आत्या, मावशीनं मुदत वाढवली नाही वाटतं. सवलतीचे दिवस चालू आहेत. तेवढ्यात भरलं नाही तर मग हे नाव कुणीही घेऊ शकतं." आधी भीती वाटली, खोटं सांगत न्हाई. कोणीतरी परका, आपल्या गावचाबी न्हाई, तुझ्या नावाची पाटी लावून बसंल. आन् लगेच दुसरं वाटलं, की आता जागा मोकळी झाली.

तुला तो बाजार याद असंल. आपल्याला उशीर झाल्ता आन् लिंबाखालच्या आपल्या जागेवर एक मिरचीवाली पोतं पसरून बसल्ती. मी भांडायला निघाले तर तू माझा दंड धरला. हातात नाणं दिलं. "भांडू नको. तो बघ पावतीवाला तिकडून येऊन राह्यला. पळ, आधी पावती फाडून घे." मी पळाले. पावती आणली. तू ती नुसती मिरचीवालीपुढं धरली. ती बाई बडबडत पोतं ओढून गेली. तू फडकं अंथरलं आन् म्हणली, "बस. पावती आपली, जागा आपली." माझ्या सगळ्या शिक्षणात पक्कं बसलेलं तेवढंच.

म्हणून मी सुनंला म्हणलं, भर. आत्ताच्या आत्ता. तिच्या फोनमधी ते पाकीट हाय, ज्याच्यातून तिथले पैसे भरता येतात. ती म्हणली, "आत्या, आधी ऐका तरी." मी म्हणलं, ऐकायचं मंग. तू भर, खर्चा मी देते. "अहो पण ह्यानं काय होतं..." मी म्हणलं, तुला बटण दाबायचं सांगितलं, भाषण न्हाई. दाबलं तिनं. जरा वेळ ते गोल गोल फिरलं, मंग झालं म्हणली.

"झालं ना माझ्या नावावर?"

"नाही हो. मावशीच्याच नावावर आहे."

"पैसे मी भरले ना?"

"मुदत कुणीही कुणाचीही वाढवू शकतं, आत्या. तेच तर सांगत होते. मालक बदलत नाही. मावशीकडं बारा शब्द आहेत, ओळीनं लिहून ठेवलेले. ते शब्द ज्याच्याकडं, नाव त्याचं."

"मंग पैसे परत घे."

"परत येत नाहीत."

असा कोणता बाजार असतो माय, की पावती मी फाडायची आन् बसायचं धाकटीनं? त्या रात्री मी भाकरी लई जोरात थापल्या. सून तोंड फिरवून हसली, मला कळलं.

दोन दिसांनी धाकटीचा फोन. रडून राह्यली होती. पोरीचं लग्न जमवायच्या गडबडीत मुदत निघून गेली, भरायला गेली तर आधीच भरलेली. सुनंनं तिला सांगून टाकल्तं. "अक्का, तू वाचवलंस गं आईला. मला तर सुचलंच नसतं असं. तुझं मन मोठं आहे." मी म्हणलं, असू दे. जेवली का? ती आणखी रडली. लेकीच्या लग्नाचं येसर तूच कर म्हणली, पाकिटातलं नको. एवढं मात्र बरं वाटलं. पण पानावरची ती हाताखालच्या चवीची ओळ बदलते असं काही म्हणली न्हाई. मी वाट बघितली, फोन ठेवेपर्यंत.

काल दुपारी सून कपडे वाळत घालत होती. तिचा फोन पाटावर, नाव मोकळं हाय का ते शोधायचं पान उघडं. इंग्रजी अक्षरं मला लावता येतात, गाड्यांच्या नंबरावरून शिकले. एका बोटानं तुझं ते पहिलं नाव टाकलं, तांदळाच्या आधीचं. हिरवा रंग आला. हिरवा म्हणजे मोकळं. जगात कोणीच घेतलेलं न्हाई. सुनंला हाक मारायची की न्हाई, एवढंच बाकी होतं. मंग वाटलं, एकदा तिथं टाकलं की पोरगी बघंल, धाकटी बघंल, त्याची बी पाकिटं निघतील. एकेक अक्षर मागं घेतलं. पान कोरं केलं. तिच्याकडं बारा शब्द, माझ्याकडं एक.

पुढच्या साली धाकटीची मुदत संपंल तवा मी आधीच भरणार हाय. ते नाव परक्याला जाऊ देणार न्हाई, बिलकुल. पण माय, लेक ती बी तुझीच हाय, तुझं पहिलं नाव तिला सांगायला पायजे, हे मला कळतं. फोन आला की ओठावर येतं. मंग तो कंपास दिसतो, आन् मी विचारते, जेवली का.

हे लिहिलेलं चुलीत घालणार हाय. सून वाचती सगळं.