खटका कुठल्या बाजूला

सोमवार, ३ नोव्हेंबर

कटर बंद! सकाळी साहेबांनी सगळ्यांचे कटर गोळा करून कपाटात टाकले आणि कुलूप लावलं. एका गिऱ्हाइकाच्या पुस्तकांत पात्याचा तुटका तुकडा गेला म्हणे. बोट कापलं बिचाऱ्याचं. "तुकडे पडणार नाहीत असा घडीचा चाकू आणा. ज्याचा त्याने खिशात ठेवायचा."

दुकानांकडून आलेली जुन्या पुस्तकांची खोकी उघडायची, हे माझं काम. दिवसाला साठ-सत्तर. एकवीस वर्षं झाली. पण चाकू कसा असावा, हा विचार कधी डोक्यातच आला नव्हता!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

घरातली सुरी पुठ्ठ्यात गुंडाळून नेली. जिन्यातच पुठ्ठा फाटला, पिशवीला भोक. आई दारात उभी — "दरोडा घालायला निघालीस का?"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चाकूंचं दुकान सापडलं. दार इतकं अरुंद की छत्री आडवी धरली तर आत जाता येणार नाही. आत एक म्हातारा कात्रीला धार लावत होता.

"रोज जवळ ठेवायला चाकू हवाय."

"रोज काय काय कापता?"

"खोकी."

"नुसती खोकी?"

मलाच माहीत नव्हतं! म्हणाला, "आधी दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. मग या." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार पहिल्यांदाच पाहिला.

रविवार, ९ नोव्हेंबर

लक्ष ठेवलं. खोक्यांची चिकटपट्टी, सुतळी, ते चिवट प्लास्टिकचे पट्टे — ही तर कामाची. पण आईच्या गोळ्यांची पाकिटं, नव्या स्वेटरचा टॅग, दुधाची पिशवी, सुटलेला दोरा, पेन्सिलीचं टोक... दातांनी, नखांनी, किल्लीने काय काय फाडत आले मी आजवर!

सोमवार, १० नोव्हेंबर

घेतला! म्हाताऱ्या धारवाल्याने माझी यादी ऐकून घेतली आणि सात-आठ चाकू मांडले. "पातं तुमच्या चार बोटांच्या आत हवं. मोठा चाकू दोन दिवस मिरवता, तिसऱ्या दिवशी घरी राहतो." मी निवडला तो काळ्या मुठीचा. अंगठ्याने पातं सरकवलं की आतली पत्ती पात्यामागे येऊन बसते — टक्! बंद करताना ती पत्ती बाजूला दाबायची. संध्याकाळभर उघडझाप.

"बंद कर ते टकटक!" — आई.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा बोट कापलं. दर वेळी चाकू मिटतानाच. ढब्बू शेजारच्या टेबलावर काम करतो, त्याच्याकडे अगदी असाच चाकू आहे. तो गप्पा मारत, न बघता मिटतो. मला का जमू नये? माझ्या रक्ताचा ठिपका एका मुखपृष्ठावर पडला. साहेब म्हणाले, "नसेल जमत तर काउंटरवर बसा."

काउंटर! दिवसभर पावत्या फाडायच्या आणि हसायचं. खोकं उघडल्यावरचा तो वास नाही, पानांत विसरलेली चिठ्ठी नाही, सुकलेलं फूल नाही. नको.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भांडायलाच गेले होते. धारवाल्याने चाकू हातात घेतलाही नाही. सुतळी पुढे केली — "कापून दाखवा." कापली.

"ताई, तुम्ही डावऱ्या आहात."

"छे! मी उजव्या हाताने लिहिते."

"लिहायला शिकवतात. सुतळी कापायला कोण शिकवतं?"

खाली पाहिलं — चाकू डाव्या हातात! त्याने समजावलं. ही पत्ती उजव्या अंगठ्याला सोपी पडते. डाव्या हाताने दाबायला गेलं की बोट पात्याच्या वाटेत येतं. "चूक तुमची नाही, चाकूचीही नाही. पत्रिका जुळली नाही, एवढंच." शनिवारी सकाळपर्यंत दुसरा मागवून ठेवतो म्हणाला.

घरी येईपर्यंत स्वतःच्याच हातांवर पाळत. किल्ली डाव्याने. नळ डाव्याने. कंगवा डाव्याने! पंचेचाळीस वर्षं हे हात माझ्याजवळ आहेत आणि माझी त्यांची ओळखच नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नवा चाकू. याचा मिटायचा खटका मुठीच्या पाठीवर, मधोमध. दोन्ही हातांना सारखा. चौसष्ट खोकी उघडली, एक ओरखडा नाही. ढब्बूने मागून घेतला, दोनदा उघडून पाहिला. "भारी आहे!" साहेब टेबलापाशी थांबले, मुखपृष्ठं तपासून पुढे गेले. काउंटर टळला!

रविवार, १६ नोव्हेंबर

आई चादरींच्या घड्या घालत होती. सहज विचारलं, "लहानपणी मी डावरी होते का गं?"

तिचे हात थांबले. "होतीस. मीच मोडली ती सवय."

"कशी?"

"डाव्या बाहीचं तोंड शिवून टाकायचे. हात आतच राहायचा."

"मी रडायचे?"

"खूप."

"मग तरी का केलंस?"

चादर उचलून आत गेली. मला काहीच आठवत नाही, पण राग मात्र कालचाच असल्यासारखा ताजा! एवढ्याशा पोरीची बाही शिवायला हात कसा धजला हिचा?

सोमवार, १७ नोव्हेंबर

अबोला. तिचाही, माझाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कामावरून आले, चाकू टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेले. परत येऊन पाहते तर आईने तो उघडला होता आणि सफरचंद सोलत होती. डाव्या हाताने! झरझर, साल एकदाही न तोडता. मी आयुष्यात तिला असं पाहिलेलं नाही.

वर न बघता म्हणाली, "माझा डावा हात घरचे खाटेच्या पायाला दोरीने बांधायचे. वळ उठायचे. तुला दोरी नको, म्हणून बाही शिवली."