किडनी पांढरी निघाल्याबद्दल वडे

तीर्थस्वरूप भावोजी जोगाराव बावगारूंच्या चरणी धाकटा मेहुणा सिंहाचलम याचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेलच (आपण ती कुणाला तपासूच देत नाही, तेव्हा उत्तम नाही असं म्हणायला पुरावा नाही). नीलवेणी अक्काला नमस्कार. यंदा काजूला मोहर बरा आहे, सौ. आदिलक्ष्मी माझ्यावर नेहमीइतकीच रागावलेली आहे, बाकी क्षेम.

तर शाळेत किडनीच्या सोनोग्राफीचं शिबिर आलं होतं. आपल्या उद्दानम पट्ट्यात किडनीचं दुखणं कुणाला नवीन नाही, तरी पुरुष माणूस त्या मशीनपाशी जायला लाजतो, कारण ते बायकांना दिवस गेल्यावरचं मशीन अशी सगळ्यांची पक्की समजूत. मी रांगेत उभा राहतो न राहतो तोच विहिरीवरून अप्पलनरसम्मा ओरडली, "काय रे सिंहाचलम, कितवा महिना?" लघवी तुंबवून या, असं सांगितलेलं. आपण नारळवाले, साधं पाणी कशाला पिऊ? सकाळपासून शहाळी फोडत होतो. माझ्यापुढे म्हातारा दंडासी. तो पोटाला जेली लावून ऐसपैस पडला आणि डॉक्टरीणबाईंना नारळाचे भाव कसे कोसळले ते सांगत बसला (बाई बिचाऱ्या "श्वास धरा" म्हणायच्या, तेवढाच वेळ गप्प). मला धीर धरवेना. बागेकडे धूम ठोकली, आणि परत आलो तो रांगेच्या शेवटी. पुन्हा शहाळी.

अखेर आडवा झालो. ते थंडगार यंत्र बरगडीखाली फिरलं तसा गुदगुल्यांनी खिदळलो, बाईंनी दटावलं. मग पडद्याकडे बघून शेजारच्या नर्सला म्हणाल्या, "दोन्ही लहान आहेत, आणि चांगल्याच पांढऱ्या." एवढंच माझ्या कानी पडलं. बावगारू, जो माणूस जन्मभर खोबऱ्याचा पांढरेपणा बघून पैसे घेत आलाय, त्यानं याचा काय अर्थ लावावा? लहान म्हणजे सूज नाही, पांढरी म्हणजे माल एक नंबर! बाई "थांबा" म्हणत होत्या, पण मी घरी पोचलोसुद्धा. आदिलक्ष्मीनं वडे तळले, आळीत वाटले. दंडासीची किडनी काळसर निघाली होती, त्याला मी दोन वडे जास्त दिले आणि धीर धर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दारात. उरलेले वडे खाता खाता त्यांनी समजावलं की धडधाकट किडनी काळसरच दिसते. माझ्या वाळून आकसल्यात, खोबऱ्यासारख्या, आणि खोबऱ्याचं पुन्हा शहाळं होत नाही. आहे तेवढं मात्र जपता येतं. कंबरदुखीच्या गोळ्या बंद, लोणचं बंद, आणि (बसून वाचा) नारळपाणी बंद. रक्तही नेलंय, त्यावरून डायलिसिसचं ठरेल. मी मुळीच घाबरलेलो नाही. दंडासी मात्र काल वडे घेऊन आला होता. जास्तीचे दोन धरून.

आपला,
सिंहाचलम

ता. क. मशीन शुक्रवारी पुन्हा येतंय. संध्याकाळी तुमचे पाय सुजतात आणि तुम्ही चप्पल आटली म्हणता, असं अक्का सांगत होती. तुमचं नाव देऊन ठेवलंय.

पुन्हा ता. क. घाबरलेलो नाही, हे वर लिहिलंय ते खोटं आहे. रक्ताचा निकाल त्याच दिवशी मिळणार, आणि मला तो एकट्यानं ऐकवणार नाही. याच, बावगारू. रांगेत माझ्यापुढे उभे राहा, म्हणजे कितवा महिना ते अप्पलनरसम्मा आधी तुम्हाला विचारेल.