हरकत न घेतल्याबद्दल

मी, चंद्रहास दिनकर फणसे, वय एकाहत्तर, राहणार आर्नहेमजवळ, एके काळी सांगली नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातला इंजिनिअर, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. फुप्फुसे थकली आहेत, डोके शाबूत आहे. इथल्या नोटरीसाठी डच प्रत माझा पुतण्या सौमित्र करील. पुढची व्यवस्थाही त्यानेच पाहावी.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक एकुलत्या एक मुलीला, सलोनीला. मागच्या दाराशी कढीपत्त्याची कुंडी आहे, ती थंडीत आत घ्यावी.

२. पान्ह्यांची पेटी सौमित्रला. ब्रेडाला आपल्या घरी नेऊन वापरावी, नुसती मिरवू नये.

३. धाकटा भाऊ श्रीकांत आईच्या तेराव्याला चारचौघांत मला "परदेशी पाहुणे" म्हणाला. विसरलो नाही, पण माफ केले. माझे मनगटी घड्याळ त्याला द्यावे. ते नेहमी मागे पडते, तोही पडतो.

४. आमच्या इथल्या गावाची सनद, म्हणजे कारभाराचे मूळ नियम, दुरुस्त करायला महापौरांनी नागरिकांची समिती नेमली होती. मी तिचा सभासद होतो. समितीचे सगळे कागद सलोनीला.

५. सप्टेंबर २०२० ची बैठक साथीमुळे स्क्रीनवर झाली. महापौरांनी नवे कलम मांडले : साथ असेतोवर सनदेत बदल ते एकट्याने करतील, आणि ते बदल पुन्हा चर्चेला घ्यायचे की नाही, हेही तेच ठरवतील. मला हे मुळीच पटले नव्हते. मसुद्याच्या समासात पेन्सिलीने "चूक" असे लिहिलेसुद्धा होते. त्यांनी विचारले, "कोणाची हरकत?" अध्यक्षांनी नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, ही सांगलीची सवय अंगात मुरलेली. माझे नाव येईल म्हणून मी थांबलो. इथे कोणी नाव घेत नाही. हातोडा पडला.

नोव्हेंबरात त्याच कलमाच्या आधारे शुश्रूषागृहाची दारे नातेवाइकांना बंद झाली. आत माझी बायको होती, वासंती, सलोनीची आई. खिडकीच्या काचेपलीकडून ती फोनवर म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांच्या कमिटीवर आहात ना? मग सांगा की त्यांना. एकदाच आत सोडा म्हणावं."

मी म्हटले, "सांगतो."

दोन पत्रे लिहिली. दोन्हींना एकच नम्र उत्तर आले : हा विषय चर्चेला घेण्याचा महापौरांचा विचार नाही. अकराव्या दिवशी ती गेली, तेव्हा मी बाहेर बागेत उभा होतो. माझ्या हातात काहीच उरले नव्हते.

सलोनी अजून दर महिन्याला महापौरांना पत्र लिहिते. एकदा चिडून म्हणाली, "बाबा, हू सेड येस टू धिस?" मी चहा गाळत राहिलो. सलोनी, इतिवृत्तात "एकमताने मंजूर" असे आहे. त्या एकमतात मी आहे. मला याची फार लाज वाटते.

६. सलोनीला मराठी समजते, वाचता येत नाही. म्हणून हे मीच जिवंतपणी तिला वाचून दाखवायचे ठरवले. तीनदा समोर बसवले. तिन्ही वेळा चौथ्या कलमापर्यंत वाचले आणि म्हणालो, "झालं, एवढंच." सौमित्र, पाचवे तू वाच.

(सही) चंद्रहास दिनकर फणसे

साक्षीदार :
शैलेंद्र गोखले, शेजारी
वृंदा गोखले, शेजारी

फणसेकाकांनी आम्हा दोघांदेखत सही केली. त्या वेळी पाचवे कलम त्यांनी हाताने झाकून धरले होते. ते आम्ही वाचलेले नाही.

आर्नहेम, १४ मार्च २०२१